तिसरी तार

कुलदीपचा फोन आला तेव्हा दादामियाँ एका जुन्या रेडिओची पाठ उघडून बसले होते. दुकान आता नावालाच त्यांचं होतं. पुढच्या भागात मुलगा फिरोज मोबाइल विकायचा, फुटक्या काचा बदलून द्यायचा. मागच्या कोपऱ्यातलं एक टेबल आणि भिंतीला टेकवलेले जुन्या टीव्हींचे सांगाडे, एवढंच दादामियाँकडं राहिलं होतं. तेरखेड्यात कुणाला आता टीव्ही मेकॅनिक लागत नव्हता.

"चाचा, मी कुलदीप. पुण्याहून बोलतोय. रेवणसिद्ध यांचा मुलगा."

दादामियाँनी हातातला पेचकस खाली ठेवला. त्या घरातून सत्तावीस वर्षांत कुणी त्यांना हाक मारली नव्हती.

"आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," कुलदीप सांगत होता. "महिना-दीड महिना तिला घराबाहेर पडता येणार नाही. मी टीव्ही आणून ठेवलाय. पण डिशवाल्यानं छताला शिडी लावली तर तिनं काठी उगारून त्याला हाकलून दिलं. छतावर काही बसवायचं नाही म्हणते. एकानं सांगितलं की साधा अँटिना घरात माळ्यावर बसवला तरी दूरदर्शन दिसतं. खरंय का?"

"दिसतं," दादामियाँ म्हणाले. "अंबाजोगाईचा टॉवर अजून चालू हाय. लांब पडतो. बूस्टर लावावा लागंल."

"मग तुम्हीच बसवा ना. दुसऱ्या कुणाला येत नाही हे आता."

दादामियाँ 'बरं' म्हणाले आणि तीन दिवस गेले नाहीत. दिवाळी वीस दिवसांवर आली होती. तेरखेडा फटाक्यांचं गाव, दुकानांपुढं परगावच्या गाड्यांची रांग लागायची, त्या गर्दीत फिरोजलाही जेवायला फुरसत नसायची. कामाचं निमित्त सांगायला सोपं होतं. चौथ्या दिवशी रजियाबीनं ताटात भाकरी वाढता वाढता विचारलं, "रेवणसिद्ध के घर गये क्या जी? बेवा औरत है, आस लगाके बैठी होगी." मग मात्र त्यांना उठावंच लागलं.

रेवणसिद्ध कसा गेला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वैशाखातली एक रविवारची संध्याकाळ. टीव्हीवर सिनेमा लागायचा होता, वावटळीनं अँटिना फिरला होता, तो सरळ करायला माळवदावर गेला आणि अँटिनाचा लोखंडी पाइप विजेच्या मोठ्या तारेला लागला. वय चौतीस. अँटिना दादामियाँनी बसवलेला होता हेही गावाला ठाऊक होतं. पण त्यांना कुणी बोल लावला नाही. गावातले सगळेच अँटिने त्यांनी बसवलेले होते.

कस्तुराबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात चार पायांचा वॉकर होता. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र ताठ. गावात येता-जाता त्या दिसायच्या, पण त्यानंतर इतक्या जवळून दादामियाँनी त्यांना बघितलं नव्हतं.

"या," त्या म्हणाल्या. "आधी पाणी घेता का?"

"नको वहिनी. काम करून घेतो."

घर बदललं होतं. जुनं माळवद पाडून कुलदीपनं पुढच्या खोलीवर लोखंडी पत्रे आणि मागच्या खोलीवर सिमेंटचे पत्रे टाकले होते. दोन्ही खोल्यांत पत्र्याखाली फळ्यांचा माळा होता. टीव्ही पुढच्या खोलीत, म्हणून दादामियाँ आधी तिथल्याच माळ्यावर चढले. होणार नाही हे त्यांना कळत होतं. लोखंडाच्या पत्र्याखाली अँटिना म्हणजे झाकण घातलेल्या डब्यात बसून बाहेरचं बोलणं ऐकण्यासारखं. तरी एकदा धरून बघितला.

"काय दिसतंय का?"

"नुसत्या मुंग्या हायेत," खालून उत्तर आलं.

मग ते मागच्या, सिमेंटच्या पत्र्याखालच्या माळ्यावर गेले. पासष्टाव्या वर्षी शिडीच्या दर पायरीवर गुडघे बोलत होते. वर ताठ उभं राहता येत नव्हतं. एक रिकामी कणगी, पितळी घंगाळ, आणि कोपऱ्यात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. सरकवायला म्हणून त्यांनी हात लावला आणि लुगडं घसरलं. लाकडी पेटीतला काळा-पांढरा टीव्ही. त्यांनीच बार्शीहून आणून दिलेला. त्यांनी लुगडं पुन्हा होतं तसं घातलं.

पुढचं काम हातांनी आपणहून केलं. सात काड्यांचा अँटिना त्यांनी नायलॉनच्या दोरीनं लाकडी वाशाला आडवा टांगला, तोंड ईशान्येला. बूस्टरची डबी अँटिनाला चिकटूनच बसवली. खाली टीव्हीपाशी बूस्टर लावण्यात अर्थ नसतो. एवढ्या लांबच्या वायरीत चित्र निम्मं गळून जातं आणि मग बूस्टर वाढवणार ती नुसती खरखर. वायर फळीच्या फटीतून खाली सोडली, भिंतीच्या कडेनं पुढच्या खोलीत नेली, बूस्टरचा अडॅप्टर बोर्डात खोचला. टीव्हीला चॅनल शोधायला लावून ते परत वर आले आणि अँटिना बोटभर बोटभर फिरवू लागले.

"आता?"

"बाईमाणूस दिसायला लागलंय. पण दोन दोन."

"आता?"

"गेली."

"आता बघा."

खालून काही उत्तर आलं नाही. आवाज मात्र आला, स्वच्छ. कुणीतरी सोयाबीनवरच्या किडीबद्दल सांगत होतं. दादामियाँनी अँटिना तिथंच धरून दोरीची गाठ मारली. एवढ्यात वॉकरचे पाय फरशीवर आपटत मागच्या खोलीत आले आणि माळ्याच्या बरोबर खाली थांबले.

"दादामियाँ, लागलं नीट. पण तुम्ही वरच थांबा जरा. एक इचारायचंय. तुमच्या तोंडाकडं बघून इचारता यायचं न्हाय मला."

दादामियाँ फळीवर बसले.

"पाइप त्यांच्या हातातून सुटला असं पोलिसांनी लिहिलं. त्यांच्या हातातून काय सुटायचं न्हाय हो. ज्वारीचं पोतं एका हातानं उचलायचे. घाई केली असंल, दुसरं काय? अन् घाई म्या करायला लावली. 'जरा वर जाऊन बघा की' म्याच म्हणले. दोनदा खालून ओरडले, या लवकर, सुरू झालं म्हणून. सासूबाई सगळ्यांच्या देखत म्हणल्या, हिनं सिनेमापायी माझं लेकरू वर चढवलं. त्यानंतर अकरा वर्षं जगल्या, माझ्या हातचा पाण्याचा तांब्या घेतला न्हाय. थोरले दीर तर अजून बोलत न्हाईत." त्या थांबल्या. "तुम्हाला या कामातलं कळतं, म्हणून इचारते. म्या ओरडले नसते, त्यांनी सावकाश हात घातला असता, तर वाचले असते का? खरं सांगा. मला वाईट वाटंल म्हणून खोटं सांगू नका."

पुढच्या खोलीत टीव्ही बोलतच होता. सासूनं काय म्हटलं होतं ते त्याच वेळी दादामियाँच्याही कानावर आलं होतं. लोक बोलतात आणि विसरतात, असं म्हणून त्यांनी ते झटकून टाकलं होतं. पाण्याच्या तांब्याचं त्यांना माहीत नव्हतं.

ते शिडीवरून खाली आले. शेवटची पायरी चुकली, भिंतीला धरून सावरले.

"वहिनी, खाली बसा."

"उभीच बरी हाय. बोला."

"त्या पाइपला तीन बाजूंनी तारा ओढून बांधायच्या असतात. ताणाच्या. मग खांब कुठंच कलत न्हाय. माझ्याकडं त्या दिवशी तार कमी पडली. दोनच बाजूंना बांधल्या. तिसरी राहिली. ती विजेच्या लाइनीच्या उलट्या बाजूची होती. खांबाला लाइनीकडं जाऊ न देणारी. अन् जागाबी चुकीचीच. मधी बसवायचा तर चित्र दुहेरी येत होतं. त्या कोपऱ्यात साफ दिसत होतं, म्हणून तिथं बसवला. लाइन जवळ हाय हे दिसत होतं मला. रेवणसिद्ध अण्णाला म्हणलो, उद्या येऊन तिसरी तार मारतो. अन् कळंबला लग्नाला गेलो. आठ दिवस आलो न्हाय. त्यात ते झालं."

कस्तुराबाई त्यांच्याकडं बघत होत्या. डोळ्यांत अजून काही आलं नव्हतं, जणू बोलणं पोचायला वेळ लागत होता.

"माती झाल्यावर पडलेला पाइप काढायला मीच वर गेलो," दादामियाँ म्हणाले. "दोन्ही तारा गुंडाळून घरी नेल्या. कुणी मोजू नयेत म्हणून."

"तिसरी तार असती तर?"

"खांब कलला नसता."

"म्या ओरडले असते तरी?"

"कितीबी ओरडला असता तरी. त्यांनी कसाबी हात घातला असता तरी."

त्या खाली बसल्या. ऑपरेशन झालेला पाय पुढं लांब करून, दुसऱ्या पायाची मांडी घालून, भिंतीला टेकून. दादामियाँना वाटलं आता त्या रडतील. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही गावातच होता," त्या म्हणाल्या. "लांब कुठं गेला नव्हता. ह्या गल्लीतून रोज मशिदीला जात होता."

"व्हय."

"कुलदीप तीन वर्षांचा होता. पुढं शाळेत पोरं त्याला म्हणायची, तुझ्या आईनं तुझ्या बापाला मारलं. तो घरी येऊन मला इचारायचा. म्या काय सांगायची त्याला? म्हणायची, व्हय बाबा, चुकलं माझं."

दादामियाँ उरलेली दोरी गोळा करू लागले.

"जा आता," त्या म्हणाल्या. मग दारापर्यंत ते गेल्यावर मागून आवाज आला, "दादामियाँ. हे माझ्या दिराला सांगायचं. उद्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शांतलिंगच्या घरी गेले. रेवणसिद्धचा हा थोरला भाऊ आता अठ्ठ्याहत्तरीचा होता. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला, अंगात बंडी, कपाळावर विभूती. दादामियाँनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कोपरा, लाइन, तिसरी तार, कळंबचं लग्न, गुंडाळून नेलेल्या तारा. सांगून झाल्यावर शांतलिंगनं रस्त्याकडं बघितलं.

"आई गेली," तो म्हणाला. "आता कुणाला सांगतो हे?"

"वहिनींनी तुम्हाला सांगायला सांगितलंय."

"मला कळलं. झालं." त्याचा आवाज एकदम खाली आला. "आणखी कुणाला बोलू नको. लोक म्हणतील, इतकी वर्षं ह्या माणसानं भावाच्या बायकोला उगाच..." त्यानं वाक्य सोडून दिलं, खुर्चीचे हात धरून उठला आणि घरात गेला. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

दादामियाँनी ते जसंच्या तसं कस्तुराबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी दारातच ऐकून घेतलं.

"मग चौकात सांगा," त्या म्हणाल्या.

चौकातल्या चहाच्या हॉटेलात दादामियाँनी सांगायचा प्रयत्न केला. बाकावर फटाक्यांची गिऱ्हाइकं, दोन ड्रायव्हर आणि गावातली चार तरणी माणसं होती. "कोण रेवणसिद्ध?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "चाचा, तवा आमी जन्मलोबी नव्हतो." हॉटेलवाल्यानं तेवढं खाली मान घालून ऐकलं आणि कपात चहा ओतताना म्हणाला, "लई वाईट झालं होतं ते." मग कुणीतरी माल कुठं स्वस्त मिळतो ते विचारलं आणि बोलणं तिकडं गेलं. दादामियाँचा चहा गार झाला.

त्या दिवशी त्यांना कळलं की उशीर झाला म्हणजे काय झालं. ज्यांनी त्या बाईला बोल लावला ती माणसं मरून गेली होती नाहीतर कडी लावून बसली होती. आणि जे ऐकायला तयार होते त्यांना त्याचं काहीच नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी चार वाक्यांत जे मिटलं असतं, ते आता गावभर ओरडून सांगितलं तरी कुणाच्या कानात शिरणार नव्हतं.

संध्याकाळी कुलदीपचा फोन आला.

"आईनं सांगितलं मला," तो म्हणाला. "चाचा, मी तिला लहानपणी काय काय बोललोय ते तुम्हाला माहीत नाही. दहावीत असताना म्हणालो होतो, तू नसतीस तर बाबा असते. ती गप भाकऱ्या थापत राहिली. मला तुम्हाला शिव्या द्यायच्या होत्या. फोन लावला तर काहीच सुचेना."

"दे शिव्या," दादामियाँ म्हणाले.

कुलदीपनं फोन ठेवून दिला.

फिरोजला आणि रजियाबीला त्यांनी जेवताना सांगितलं. फिरोज ताटावरून उठून गेला. रजियाबी पदर तोंडाला लावून एवढंच म्हणाली, "मेरेकू बी नै बोले."

दिवाळी झाली. कस्तुराबाईंच्या घरातला टीव्हीचा आवाज गल्लीत ऐकू येत होता. शेतीचे कार्यक्रम, भजनं, बातम्या, जे लागेल ते. शांतलिंग त्यांच्याकडं फिरकला नाही. तुळशीचं लग्न झाल्यावर एका सकाळी त्या काठी टेकत दुकानापुढं येऊन उभ्या राहिल्या. वॉकर सुटला होता.

"टीव्ही चांगला दिसतो," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला माफ करायला मला जमत न्हाय. करून बघितलं."

"माझं मागणंबी न्हाय तसं."

"लोहाऱ्याला माझा भाऊ हाय, कल्याणप्पा. हे गेल्यावर म्या माहेरी गेले तर त्यानंबी तेच म्हणलं, असं का पाठवायचं माणसाला वर? पुन्हा म्या त्या घरात पाय ठेवला न्हाय. तो अजून हाय. त्याला सांगायचं. उद्या धाराशिवची सकाळची एसटी धरू."

दादामियाँ हो म्हणाले.

एसटीत त्या पुढं बायकांच्या सीटवर बसल्या आणि दादामियाँ मागं, दाराजवळ. धाराशिवला गाडी बदलताना फलाटावर तासभर थांबावं लागलं. दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. कस्तुराबाईंनी घरून आणलेली भाकरी काढून खाल्ली, दादामियाँनी स्वतःची. लोहाऱ्याला उतरल्यावर त्या काठी टेकत पुढं चालू लागल्या आणि दादामियाँ चार पावलं मागून. सत्तावीस वर्षांनी येऊनही त्या कुठंच वाट चुकल्या नाहीत.

कल्याणप्पा अंगणात बाजेवर बसलेला होता. ऐंशी ओलांडलेला, डोळे पाणावलेले, मान हलत असलेली. त्यानं बहिणीला लगेच ओळखलं. "कस्तुरे," तो म्हणाला आणि उठायला लागला, पण उठता येईना. त्या त्याच्याजवळ गेल्या नाहीत. अंगणाच्या कडेला काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या आणि दादामियाँकडं वळल्या.

"सांगा."

दादामियाँ बाजेसमोर जाऊन उकिडवे बसले. त्यांनी सुरुवात केली. माझं नाव दादामियाँ, तेरखेड्याचा, तुमच्या बहिणीच्या घरावर अँटिना मी बसवला होता. कल्याणप्पानं हात कानामागं नेला.

"काय म्हणतो हा? मला ऐकू येत न्हाय."

दादामियाँनी पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं. म्हाताऱ्यानं मान हलवली. आतून सून दारात आली. शेजारच्या घरातलं कुणीतरी कुंपणावरून वाकून बघू लागलं.

"ऐकू येत न्हाय त्याला," कस्तुराबाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोला."

दादामियाँनी कस्तुराबाईंकडं एकदा बघितलं. मग त्यांनी श्वास घेतला आणि म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडून सांगितलं, की तुमच्या बहिणीची चूक नव्हती, तिसरी तार मी बांधली नव्हती.